लंडनची तूट, नगरचे सोने

श्रोतेहो, 1931 सालच्या डिसेंबर महिन्यात आपल्याकडच्या पोस्टात एक लहानशी गोष्ट घडली. अर्ध्या आण्याला मिळणारे पोस्टकार्ड पाऊण आण्याला मिळू लागले. अर्धा आणा म्हणजे सहा पै आणि पाऊण आणा म्हणजे नऊ पै. वाढ अवघी तीन पैची. पारनेर तालुक्यातल्या एखाद्या माउलीने मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या मुलाला मास्तरांकडून चार ओळी लिहवून घेतल्या असतील, तर तिला हे तीन पै जास्त मोजावे लागले. ते का मोजावे लागले हे तिला कोणी सांगितले नसेल; आणि सांगितले असते तरी तिचा विश्वास बसला नसता. कारण त्या तीन पैंचे मूळ पार लंडन शहरात, तिथल्या मुख्य प्रधानाच्या घरी ऑगस्टमधल्या एका रविवारी रात्री झालेल्या भांडणात होते.

आज मी त्या भांडणाची हकीकत सांगणार आहे. विषय विलायतेचा वाटेल, पण थोडा धीर धरा. आपण फिरून नगर जिल्ह्यातच, म्हणजे आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात तिथेच, येणार आहोत.

त्या वेळी इंग्लंडात मजूर पक्षाचे राज्य होते. रॅम्से मॅक्डोनल्ड हे मुख्य प्रधान. पार्लमेंटात पक्षाला स्वतःचे बहुमत नव्हते. उदारमतवादी पक्षाच्या आधाराने गाडा चालला होता. 1929 साली अमेरिकेत शेअरबाजार कोसळला आणि जगभर मंदीची लाट आली. इंग्लंडात बेकारांचा आकडा पंचवीस लाखांच्या वर गेला. बेकाराला सरकारकडून आठवड्याचा भत्ता मिळे. बेकार वाढले तसा भत्त्याचा खर्च वाढला, आणि धंदे बसल्यामुळे कराचे उत्पन्न घटले. जमा कमी, खर्च जास्त. ह्यालाच अंदाजपत्रकातली तूट म्हणतात.

तूट किती आणि ती भरावी कशी, हे ठरवायला सर जॉर्ज मे ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. हे गृहस्थ एका मोठ्या विमा कंपनीत वाढलेले. जुलै 1931 च्या अखेरीस समितीने सांगितले की, तूट 12 कोटी पौंडांची आहे. साडेनऊ कोटींवर काटकसर करा, आणि त्यातला दोन-तृतीयांश भाग बेकारांच्या खर्चातून काढा. अहवाल छापून झाला आणि परदेशच्या सावकारांनी धसका घेतला. लंडनच्या पेढ्यांतून सोने भराभर बाहेर जाऊ लागले. केन्ससारखा अर्थशास्त्रज्ञ त्या अहवालावर तुटून पडला. त्याचे म्हणणे आपल्या भाषेत सांगायचे तर असे: काष्टीच्या बैलबाजारात एका शेतकऱ्याने खरेदी आवरली तर त्याचा पैसा वाचतो, पण त्या दिवशी बाजारातल्या सगळ्यांनीच खिसे शिवून घेतले, तर कोणाचाच बैल विकला जात नाही आणि संध्याकाळी सगळेच कफल्लक होऊन घरी जातात. घरातली काटकसर आणि राज्यातली काटकसर ह्यांत असा फरक आहे. पण त्या ऑगस्टात हे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. अर्थमंत्री स्नोडेन हे तर हिशेब जुळलाच पाहिजे ह्या मताचे, त्या बाबतीत एखाद्या जुन्या सनातनी माणसासारखे कर्मठ.

न्यूयॉर्कच्या आणि पॅरिसच्या पेढीवाल्यांकडून कर्ज हवे होते. कपातीत बेकारभत्ता धरलेला असावा, असा तिकडचा कल होता. तो भत्ता शेकडा 10 ने कापावा की नाही, ह्यावर 23 ऑगस्टच्या रात्री मंत्रिमंडळ दुभंगले. थोड्या जास्त मंत्र्यांनी होय म्हटले, पण जवळजवळ निम्मे राजीनामा द्यायला तयार झाले. मॅक्डोनल्ड राजेसाहेबांकडे गेले. मजूर पक्षाला वाटले, आपले सरकार गेले. ते गेलेच, पण दुसऱ्या दिवशी मॅक्डोनल्ड पुन्हा मुख्य प्रधान म्हणूनच परतले. बरोबर हुजूर पक्षाचे बाल्डविन आणि उदारमतवादी सॅम्युएल. ह्या संयुक्त मंत्रिमंडळाला नाव दिले 'राष्ट्रीय सरकार'. दहा मंत्री: चार मजूर पक्षातून आलेले, चार हुजूर पक्षाचे, दोन उदारमतवादी. मजूर पक्षाने आपल्या ह्या पुढाऱ्यांना पुढे पक्षाबाहेर काढले.

संयुक्त सरकार ही काही वाईट चीज आहे असे मी म्हणत नाही. आपल्याकडेही आता त्याची सवय झाली आहे. इंग्लंडातसुद्धा 2010 ते 2015 ह्या काळात हुजूर पक्ष आणि लिबरल डेमोक्रॅट ह्यांनी मिळून राज्य केले, आणि तूट भरून काढायची म्हणून खर्चाला कात्री लावली. अशा सरकारची एक सोय असते. कडू औषध एकाच वैद्याने दिले तर लोक त्याच्यावर रागावतात. तीन वैद्यांनी मिळून दिले की राग वाटला जातो. 1931 साली हेच झाले. मात्र औषध कोणाच्या घशात किती गेले, ते पाहण्यासारखे आहे.

10 सप्टेंबरला स्नोडेनसाहेबांनी नवे अंदाजपत्रक मांडले. बेकारभत्ता शेकडा 10 ने कमी: पुरुषाला आठवड्याला 17 शिलिंग मिळत, ते 15 शिलिंग 3 पेन्स झाले. शिक्षकांचा पगार शेकडा 15 ने कमी. प्राप्तीवरचा कर वाढला. आणि आरमारातल्या काही खलाशांच्या रोजच्या 4 शिलिंगांतून चक्क एक शिलिंग उडाला, म्हणजे चौथा हिस्सा! अधिकाऱ्यांची कपात एवढी नव्हती. स्कॉटलंडच्या किनाऱ्याला इन्व्हरगॉर्डन नावाचे बंदर आहे. तिथे नांगर टाकून बसलेल्या आरमाराच्या खलाशांनी ही बातमी वर्तमानपत्रांत वाचली, आणि 15 सप्टेंबरला जहाजे हलवायला साफ नकार दिला. मारामारी नाही, रक्तपात नाही. नुसते जागचे हलायचे नाही. इंग्लंडच्या आरमारात असे घडते, ह्या बातमीने जगाच्या बाजारात पौंडाची उरलीसुरली पत गेली. आठवड्याच्या आत, 21 सप्टेंबरला, सरकारला जाहीर करावे लागले की, पौंडाच्या बदल्यात सोने देणे आता बंद. त्याच दिवशी असेही जाहीर झाले की, खलाशी, पोलीस आणि शिक्षक ह्यांची कपात शेकडा 10 च्या वर जाणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. विलायतेतल्या मास्तरांचे शेकडा 5 वाचले, ते खलाशांनी नांगर उचलला नाही म्हणून.

आता आपल्याकडे येऊ. हिंदुस्थान सरकारचे फायनान्स मेंबर सर जॉर्ज शुस्टर ह्यांनी 29 सप्टेंबर 1931 रोजी मध्यवर्ती कायदेमंडळापुढे जादा अंदाजपत्रक मांडले. इथेही तूट, आणि उपायही तोच. सरकारी नोकरांच्या पगारात शेकडा 10 ची कपात. चालू करांवर शेकडा 25 चा अधिभार. मिठावर मणाला सव्वा रुपया कर होता, तो एक रुपया नऊ आणे झाला. पोस्टकार्ड तीन पैंनी महाग. लक्षात घ्या, मिठाचा सत्याग्रह होऊन दीड वर्ष झाले होते, आणि गांधी-आयर्विन करारावरची शाई वाळून जेमतेम सहा महिने. त्या मिठावरच पुन्हा बोजा! कायदेमंडळातल्या लोकनियुक्त सभासदांनी विरोध केला. विधेयक सरकारला हवे तसे पास होईना. तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन ह्यांनी आपल्या खास अधिकारात ते मंजूर झाल्याचे जाहीर करून टाकले.

अगदी हाच प्रकार 1923 साली झाला होता. त्या वेळीही तूट होती आणि लॉर्ड इंचकेप ह्यांच्या समितीने काटकसरीचा मोठा अहवाल दिला होता. तरी मिठावरचा कर दुप्पट केला गेला आणि कायदेमंडळाचा विरोध डावलून व्हाइसरॉयने तो मंजूर केला. ते व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग. आणि 1931 सालच्या लंडनमधल्या त्या दहा मंत्र्यांत परराष्ट्रमंत्री कोण? हेच लॉर्ड रीडिंग. इतिहासात माणसे अशी पुन्हा पुन्हा भेटतात.

प्रांत सरकारांनी हाच कित्ता गिरवला. मुंबई इलाख्यात 1923 च्या कायद्याने प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डांकडे दिल्या होत्या. त्या शाळा प्रांताच्या अनुदानावर चालत. सक्तीचे शिक्षण गावोगाव न्यायचे, असा तो कायदा करणाऱ्या रँग्लर परांजप्यांचा संकल्प होता. पैशाचे तोंड आखडले आणि तो संकल्प रेंगाळला. 1931 च्या त्या वर्षी आपल्या जिल्ह्यातली किती मुले शाळेच्या उंबऱ्याशी येऊन परत गेली, ह्याचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात नसतो.

पण श्रोतेहो, पोस्टकार्ड, मीठ आणि पगार ही दिसणारी कपात झाली. खरी मोठी कपात डोळ्यांना दिसलीच नाही. ती झाली सोन्याच्या वाटेने.

21 सप्टेंबरला पौंड सोन्यापासून सुटला. आता रुपयाचे काय करायचे? सिमल्यातल्या सरकारला वाटत होते की, रुपयाला मोकळे सोडावे. लंडनने ते मानले नाही. नवे भारतमंत्री सर सॅम्युएल होअर ह्यांनी जाहीर केले की, रुपया पौंडालाच बांधलेला राहील, एका रुपयाला एक शिलिंग सहा पेन्स ह्याच हुंडणावळीच्या दराने. त्या वेळी गोलमेज परिषदेसाठी महात्माजी लंडनमध्येच होते. पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत किंग्स्ली हॉलमध्ये उतरले होते. रुपयाचा निर्णय मात्र परिषदेला विचारून झाला नाही. परिषदेला तो सांगण्यात आला. त्याच आठवड्यात महात्माजी लँकेशायरला जाऊन तिथल्या बेकार गिरणी-कामगारांना भेटले. आपल्या स्वदेशीमुळे ज्यांचे माग थांबले असे म्हणत, त्या लोकांनीच त्यांचे प्रेमाने स्वागत केले. कात्री तिकडच्या गरिबालाही लागली होती, हे विसरून चालणार नाही.

पौंड घसरला, त्याच्या शेपटीला बांधलेला रुपयाही घसरला. त्यामुळे रुपयांत सोने महाग झाले. सप्टेंबरपूर्वी तोळ्याला 21-22 रुपये भाव होता. डिसेंबरपर्यंत तो 30 च्या आसपास गेला. म्हणाल, मग चांगलेच झाले की! ज्याच्या घरात सोने त्याची चांदी. पण विकणारा कोण होता आणि का विकत होता, ते पाहा.

1929 पासून तीन-चार वर्षांत शेतमालाचे भाव साधारण निम्म्यावर आले होते. जोंदळा, कापूस, गूळ, सगळ्यांची तीच गत. पण सरकारचा सारा रुपयांत ठरलेला. रयतवारीच्या पद्धतीत तो तीस-तीस वर्षांसाठी बांधून दिलेला. पिकाचा भाव उतरला म्हणून सारा उतरत नाही. सावकाराचे देणेही रुपयांतच लिहिलेले. जिथे पूर्वी एक पोते विकून भागत होते, तिथे दोन पोती विकावी लागली. आपला नगर जिल्हा तर अवर्षणाचा. दुसरे पोते आणायचे कुठून? मग हात गेला तो बायकांच्या अंगावरच्या दागिन्यांकडे. नेमका तेव्हाच सराफ जास्त भाव देत होता. नाइलाजाला लालूच मिळाली.

आमच्या घरी पणजीच्या पुतळ्यांच्या माळेची गोष्ट सांगतात. तेरा पुतळ्यांची माळ होती. मंदीच्या सालात सहा पुतळ्या नगरच्या सराफबाजारात गेल्या, सारा आणि बियाणे ह्यांपायी. पणजोबा म्हणत, भाव चांगला आला. पणजी त्यावर काही बोलत नसे. पुढे सुगीची वर्षे आली, पण माळेत पुतळी परत ओवली गेली नाही. अशी गोष्ट आमच्याच घरची आहे असे नाही. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी आजीच्या तोंडून ती ऐकायला मिळाली असेल. फक्त त्या सोन्याचे पुढे काय झाले हे आजीला माहीत नसेल.

पुढे काय झाले ते ऐका. सराफाकडून सोने मुंबईच्या व्यापाऱ्याकडे गेले, तिथे त्याच्या लगडी झाल्या, आणि बोटीतून ते लंडनच्या वाटेला लागले. एका 1931-32 सालातच सुमारे 58 कोटी रुपयांचे सोने देशाबाहेर गेले, आणि पुढची कित्येक वर्षे हा ओघ थांबला नाही. इथल्या पुढाऱ्यांनी, व्यापारी मंडळींनी, सोने जाऊ देऊ नका म्हणून ओरड केली. सरकारने निर्यात अडवली नाही. अडवील कसे? ह्याच सोन्याच्या जोरावर हिंदुस्थान सरकारला विलायतेतला दरसालचा खर्च, ज्याला होम चार्जेस म्हणत, तो भागवता आला. त्यात इंग्रज अधिकाऱ्यांची पेन्शने होती, कर्जाचे व्याज होते. आणि ह्याच ओघाने पौंडाला टेका मिळाला. ऑगस्टअखेर न्यूयॉर्क आणि पॅरिसकडून 8 कोटी पौंडांचे कर्ज घेतले होते. ते इंग्लंडने पुढच्याच वर्षी फेडून टाकले. त्या फेडीत सहा पुतळ्या पारनेरच्या, दहा कर्जतच्या, असे काही कोणी लिहून ठेवले नाही.

मला ह्यात लंडनच्या दहा मंत्र्यांनी बसून नगरच्या बायकांचे दागिने लुटायचा कट केला, असे म्हणायचे नाही. तसे म्हणणे सोपे आहे आणि सभेत टाळ्याही मिळतील. त्यांच्यापुढे पौंडाचा प्रश्न होता, आपापल्या मतदारांचा प्रश्न होता. 27 ऑक्टोबरच्या निवडणुकीत ह्या राष्ट्रीय सरकारला 615 पैकी 554 जागा मिळाल्या. जुन्या मजूर पक्षाला 52. म्हणजे इंग्लंडच्या मतदाराने त्यांना आशीर्वादच दिला. त्या मतदारयादीत पारनेरची बाई नव्हती. इन्व्हरगॉर्डनच्या खलाशासारखा तिच्या हातात नांगरही नव्हता. ज्याला नाही म्हणता येते त्याची कपात 15 ची 10 होते. ज्याला म्हणता येत नाही त्याला कपात झाली हेसुद्धा कळत नाही.

आपल्याकडे नाही म्हणणारे अर्थात होते, पण त्यांचा रस्ता तुरुंगाकडे जात होता. 1932 च्या जानेवारीत सत्याग्रह पुन्हा पेटला. नगरचेच अच्युतराव पटवर्धन तोवर बनारसला अर्थशास्त्र शिकवत होते. त्यांनी प्राध्यापकी सोडून त्या लढ्यात उडी घेतली, आणि 1934 साली काँग्रेस समाजवादी पक्ष काढणाऱ्यांत ते होते. वर्गात मंदी शिकवण्यापेक्षा बाहेर पडणे ह्या माणसाला बरे वाटले. आमच्यासारख्या पोटार्थी प्राध्यापकांनी त्यांच्याकडे पाहून थोडे खजील व्हावे.

कात्री हळूहळू मागे घेतली गेली. विलायतेत 1934 आणि 1935 मध्ये पगार पूर्ववत झाले. हिंदुस्थानातल्या सरकारी नोकरांची कपात 1933 साली शेकडा 5 वर आली आणि 1935 साली संपली. सोने मात्र परत येण्यासारखी वस्तू नव्हती.

पण ह्या सगळ्या गोंधळातून आपल्या जिल्ह्यात एक नवे पीक उभे राहिले, तेही सांगितले पाहिजे. 1910 साली सुरू झालेले भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले होते. प्रवरेचे कालवे वाहत होते, गोदावरीचे त्याआधीपासून होते. पाणी होते, काळी जमीन होती, पण जावा बेटातली स्वस्त साखर बाजार अडवून बसली होती. 1931 साली तूट भरायला जो शेकडा 25 चा अधिभार लावला, तो परदेशी साखरेवरही लागला. 1932 साली देशी साखरेला संरक्षण देणारा कायदा झाला. त्यातला 112 पौंडांमागचा 7 रुपये 4 आणे कर आणि वर हा अधिभार मिळून 9 रुपये 1 आणा झाला. एवढी उंच भिंत जावाच्या साखरेला ओलांडता येईना. देशात 1931-32 साली साखरेचे कारखाने बत्तिसाच्या आसपास होते; पाच वर्षांत ते 130 च्या वर गेले. बेलापूर भागात हरिगावचा कारखाना आधीच उभा होता. आता टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स आली, आणि कोपरगावच्या बाजूलाही धुराडी दिसू लागली. सरकारला हवी होती नुसती जकात, आली साखर. आणि गंमत पाहा, परदेशी साखर येईनाशी झाली तशी जकातही बुडाली. लगेच 1934 साली सरकारने देशी साखरेवर उत्पादनकर बसवला. तूट कुठे ना कुठे भरायची होतीच.

हे कारखाने कंपन्यांचे. शेतकऱ्याने आपली जमीन कंपनीला खंडाने द्यावी आणि तिच्याच फडावर रोजाने जावे, असे कितीतरी ठिकाणी झाले. ज्याने स्वतः ऊस लावला त्याचा गूळ मंदीत मातीमोल झाला. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी 1923 सालीच गावात सहकारी पतपेढी काढून सावकाराशी सामना मांडला होता. मंदीची ही सारी वर्षे त्यांनी शेतकऱ्यांत राहून पाहिली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ह्यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या मुलखाची कसून पाहणी केली. त्यांचा अहवाल 1948 साली प्रसिद्ध झाला. कालव्याच्या पाण्याचा पैसा कोणाकडे जातो, हे त्यांना आकड्यांनी ठाऊक होते. हे दोघे एकत्र आले आणि 1950 साली लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. अध्यक्षपदी गाडगीळ होते. गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केलेले. ऊस घालणारा तोच भागधारक. कारखान्याच्या सभेत उसाचा भाव निघाला की त्याला हात वर करता येत होता.